सातमाशी जन्म रोखणारा ‘शिरोडकर टाका’: व्हेंटिलेटर नसलेल्या काळातले हे डॉक्टर कोण होते?

पिशवीच्या तोंडाला टाका घातला आहे, असे कुणाबद्दल सांगितले की घरातल्या बायका पुढचे काही विचारत नाहीत. त्या सुनेने बादली उचलायची नाही, दुचाकीवरून फिरायचे नाही, एवढे सगळ्यांना आपोआप कळते. आधीची दोन बाळे पाचव्या-सहाव्या महिन्यात गेली आणि या वेळी डॉक्टरांनी वाट न पाहता टाका घालायचे ठरवले, असा त्यामागचा इतिहास असतो. या शस्त्रक्रियेच्या एका पद्धतीला जगभरातील प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत ‘शिरोडकर’ हेच नाव आहे. ज्यांच्यावरून ते पडले, त्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांच्याबद्दल मात्र आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

सांगली जिल्ह्यातील कडेगावसारख्या तालुक्यातून पाहिले तर हे नाव अधिकच महत्त्वाचे ठरते. सहाव्या-सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या, तर बाळाचा श्वास दोन गोष्टींवर अवलंबून असतो. ते पोटात किती आठवडे राहिले आणि व्हेंटिलेटरची सोय असलेल्या नवजात अतिदक्षता विभागात किती लवकर पोहोचले. दुसऱ्या गोष्टीची चर्चा खूप होते. शिरोडकरांनी काम केले ते पहिल्या गोष्टीवर आणि तेही अशा काळात, जेव्हा दुसरी गोष्ट अस्तित्वातच नव्हती.

गोव्यातील शिरोडा ते मुंबईचे जे. जे.

शिरोडकरांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा गावी झाला. सांगलीकरांना शिरोडा म्हटले की वि. स. खांडेकर आठवतील, कारण सांगलीत जन्मलेले खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. पण ते शिरोडा वेंगुर्ले तालुक्यातले. शिरोडकरांचे शिरोडा फोंडा तालुक्यातले, त्या वेळी पोर्तुगीज अमलाखालचे. त्यांचे शालेय शिक्षण हुबळीला झाले आणि वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. १९२३ मध्ये ते एमबीबीएस झाले, १९२७ मध्ये प्रसूती व स्त्रीरोगशास्त्रात एमडी. पुढे इंग्लंडला जाऊन १९३१ मध्ये त्यांनी एफआरसीएस मिळवली. परतल्यावर जे. जे. रुग्णालयात रुजू झाले आणि यथावकाश ग्रँट मेडिकलमध्येच प्राध्यापक झाले.

शल्यचिकित्सेची पदवी घेऊन प्रसूतिगृहात उतरलेला हा माणूस होता, ही बाब महत्त्वाची. त्यांच्या नावावरच्या शस्त्रक्रिया पाहिल्या तर एक समान धागा दिसतो. अवयव काढून टाकण्याऐवजी तो जागेवर कसा टिकवता येईल, याचा विचार. तरुण स्त्रियांचे अंग बाहेर येण्याच्या त्रासावर त्यांनी गर्भाशयाला आतून झोळीसारखा आधार देणारी शस्त्रक्रिया बसवली. बंद झालेल्या गर्भनलिका पुन्हा उघडण्यावरही त्यांनी काम केले. ज्या काळात गर्भाशय काढून मोकळे होणे हा सोपा मार्ग होता, तेव्हाची ही गोष्ट.

तेव्हा सातमाशी बाळाचे काय होत असे?

सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, असा समज आपल्याकडे अजूनही ऐकू येतो. तो चुकीचा आहे आणि कारण फुप्फुसात दडलेले आहे. पोटात असताना बाळाला श्वासाची गरज नसते, प्राणवायू नाळेतून येतो. फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. जन्मल्या क्षणी हा द्रव हटून लाखो सूक्ष्म वायुकोश हवेने उघडावे लागतात आणि प्रत्येक उच्छ्वासानंतर ते पुन्हा मिटू न देता उघडेच ठेवावे लागतात.

ते उघडे ठेवण्याचे काम ‘सरफॅक्टंट’ नावाचा स्निग्ध थर करतो. वायुकोशाच्या आतल्या ओलसर पृष्ठभागावर पाण्याचा ताण असतो आणि तो त्या फुग्याला आत ओढत राहतो. फुगा जितका लहान, तितका तो मिटण्याचा जोर जास्त. अभियांत्रिकीच्या पुस्तकात साबणाच्या बुडबुड्यासाठी येते तशाच स्वरूपाचे समीकरण इथे लागू पडते. सरफॅक्टंट हा ताण कमी करतो. बाळाच्या फुप्फुसात तो साधारण २४व्या आठवड्याच्या सुमारास तयार होऊ लागतो आणि ३४-३५ आठवड्यांपर्यंत पुरेसा होतो. म्हणजे आठव्या महिन्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा नेहमीच अधिक तयार असते. इथे एक-एक आठवडा मोजावा लागतो.

सरफॅक्टंट नसेल तर प्रत्येक श्वास हा नवा कोरा फुगा फुगवण्यासारखा. बाळ कण्हते, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात आणि एक-दोन दिवसांत ते दमून जाते. हा आजार सरफॅक्टंटच्या अभावामुळे होतो, हे अमेरिकेतील मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी दाखवले तेच मुळी १९५९ मध्ये. त्याआधीच्या डॉक्टरांच्या हाती ऊब, प्राणवायू आणि वाट पाहणे एवढेच होते. त्यातला प्राणवायूही बेताने द्यायचा असतो, हे ठाऊक नव्हते. काचपेटीत भरपूर प्राणवायू दिलेल्या हजारो बाळांची दृष्टी गेल्यानंतर १९५०च्या दशकात ते कळले.

यंत्राने श्वास देण्याचे तंत्र मोठ्या माणसांसाठी आकाराला येत होते. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने रबरी पिशव्या दाबून रुग्णांना आठवडेच्या आठवडे श्वास दिला. आधुनिक व्हेंटिलेटरची वाट तिथून निघते. पण एक किलोच्या बाळासाठी त्या पिशवीचा काही उपयोग नव्हता.

टाका कसा आला?

शिरोडकरांसमोर येणाऱ्या काही स्त्रियांची कहाणी ठरावीक होती. गर्भ व्यवस्थित वाढतो, तीन महिने सुरळीत जातात आणि मग चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान फारशा कळा न येताच पाणी जाते, बाळ बाहेर येते. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. घरचे दृष्ट लागल्याचे म्हणत, सून जड उचलते म्हणत. वैद्यकही फार पुढे नव्हते. हार्मोन कमी पडतात असे मानून अमेरिकेत डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे औषध गर्भवतींना सर्रास दिले जात होते. ते उपयोगाचे नसल्याचे १९५३ मध्येच एका चाचणीत दिसले. त्याने पोटातल्या मुलींना पुढे कर्करोगाचा धोका निर्माण झाल्याचे १९७१ मध्ये उघड झाले.

शिरोडकरांनी प्रश्न यांत्रिक पद्धतीने पाहिला. गर्भाशय ही उलटी धरलेली पिशवी आहे आणि गर्भाशयमुख हे तिचे तोंड. ते नऊ महिने घट्ट बंद राहायला हवे. काही स्त्रियांत ते आतल्या बाजूने दुबळे असते. वजन वाढले की तोंड गुपचूप उघडत जाते. बाळात दोष नाही, आईच्या हार्मोनमध्ये नाही, दोष झाकणात आहे. मग झाकण बांधायला हवे.

झाकणात दोष असू शकतो, ही शंका इतरांनाही होती. शिकागोच्या लॅश आणि लॅश यांनी १९५० मध्ये गर्भाशयमुखाचा दुबळा भाग कापून शिवण्याची पद्धत मांडली होती; पण ती गर्भ नसताना करायची. शिरोडकरांनी गर्भारपणातच टाका घालण्याचे धाडस केले. हे धाडस किती मोठे होते, हे आज पटकन लक्षात येत नाही. सोनोग्राफी नव्हती. गर्भ जिवंत आहे की नाही, गर्भाशयमुख आतून किती उघडले आहे, हे हाताच्या बोटांनी ओळखायचे. आणि जी स्त्री आधीच दोन-तीन बाळे गमावून बसली आहे, तिच्या गर्भाशयाला शस्त्र लावायचे. टाका घालतानाच कळा सुरू झाल्या तर दोष डॉक्टरच्या माथी.

पद्धत अशी: योनीमार्गातून गर्भाशयमुखाच्या पुढच्या बाजूला छेद घेऊन मूत्राशय हलकेच वर सरकवायचे, मागेही छोटा छेद घ्यायचा आणि आतल्या तोंडाच्या पातळीवर एक पट्टी गोल फिरवून बांधायची. वरून त्वचा शिवून पट्टी झाकून टाकायची. पट्टी कशाची? सुरुवातीला त्यांनी त्या स्त्रीच्याच मांडीच्या बाहेरच्या बाजूचा, स्नायूंवरचा चिवट पांढरा पडदा कापून घेतला. शरीर स्वतःचीच गोष्ट नाकारत नाही, हा त्यातला हिशेब. पुढे कृत्रिम धाग्याच्या पट्ट्या आल्या.

१९५५ मध्ये मद्रासहून निघणाऱ्या ‘द अँटिसेप्टिक’ या भारतीय वैद्यकीय मासिकात त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. लंडन-न्यूयॉर्कच्या नामांकित नियतकालिकात नव्हे. तरीही ती जगभर गेली. १९५७ मध्ये मेलबर्नच्या इयन मॅकडोनल्ड यांनी सोपी आवृत्ती मांडली: मूत्राशय न सरकवता, बटव्याच्या नाडीसारखा टाका. आज अनेक ठिकाणी हाच सोपा टाका घातला जातो आणि घरी तोही ‘पिशवीचा टाका’च असतो. गर्भाशयमुख फार आखूड असेल किंवा आधीचा सोपा टाका फसला असेल, तर शिरोडकरांची वरच्या पातळीवरची पद्धत अजूनही वापरली जाते.

एका राष्ट्राध्यक्षाचे बाळ

शिरोडकरांना १९६० मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यानंतर तीन वर्षांनी, ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला, पॅट्रिक. साडेपाच आठवडे आधी जन्मलेला, वजन दोन किलोच्या थोडे वर. आज अशा बाळाबद्दल डॉक्टर फारशी चिंता करत नाहीत. पॅट्रिकला बोस्टनला हलवून उच्च दाबाच्या प्राणवायूच्या कक्षात ठेवण्यात आले. तो ३९ तास जगला. जगातल्या सर्वात शक्तिशाली माणसाच्या मुलासाठीही त्या दिवशी कामाचे यंत्र नव्हते. टोरांटो, नॅशव्हिल अशा मोजक्या ठिकाणी काही बाळांना व्हेंटिलेटर लावून पाहण्याचे प्रयत्न नुकते सुरू झाले होते. पॅट्रिकच्या मृत्यूनंतर या संशोधनाकडे सगळ्यांचे लक्ष गेले.

व्हेंटिलेटर नेमके काय करतो?

एक किलोच्या बाळाचा एक श्वास म्हणजे चार ते सहा मिलिलिटर हवा. खोकल्याचे औषध घेतो त्या चहाच्या चमच्याएवढी. असे मिनिटाला ४० ते ६० श्वास. श्वासनलिकेत घालायची नळी आतून अडीच-तीन मिलिमीटरची. या मापात चूक करायला जागा नसते. थोडी जास्त हवा गेली तर वायुकोश फाटतात, कमी गेली तर रक्तात कर्बवायू साठतो.

यंत्र दोन दाब सांभाळते. श्वास आत ढकलताना एक वरचा दाब. आणि श्वास बाहेर जातानाही शून्यावर येऊ न देता राखलेला एक छोटा दाब, साधारण पाच सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा. हा छोटा दाबच खरा नायक. तो वायुकोशांना मिटू देत नाही, म्हणजे सरफॅक्टंटची जागा काही अंशी भरून काढतो. नव्या यंत्रांत हवेच्या प्रवाहाचा सेन्सर असतो. बाळाने स्वतः श्वास घ्यायचा किंचित प्रयत्न केला की यंत्र तो ओळखते आणि त्याच क्षणी मदत करते. नाहीतर बाळ आणि यंत्र एकमेकांविरुद्ध श्वास घेत बसतात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी दाखवून दिले की अनेक बाळांना फक्त हा छोटा सततचा दाबच पुरतो. त्यांच्या २० बाळांपैकी १६ वाचली. हेच ‘सीपॅप’. त्याची सर्वात साधी आवृत्ती, बबल सीपॅप, पाहिली की कुणाही अभियंत्याला आनंद व्हावा. नाकात दोन छोट्या नळ्या, त्यातून हवा-प्राणवायूचे मिश्रण आणि बाहेर जाणाऱ्या नळीचे टोक बाटलीतल्या पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवलेले. पाण्याची खोली हाच दाब. बुडबुडे येत आहेत तोवर दाब आहे.

त्यानंतर बरेच काही आले. जपानच्या फुजिवारा यांनी १९८० मध्ये बाहेरून तयार केलेला सरफॅक्टंट बाळांच्या फुप्फुसात सोडून परिणाम दाखवला. श्वास घ्यायला विसरणाऱ्या बाळांना कॅफिन दिले जाते, हो, कॉफीतलेच. तरी व्हेंटिलेटर फुकट काही देत नाही. जास्त दिवस लागला तर फुप्फुसांना व्रण पडतात, जास्त प्राणवायूने डोळ्यांच्या पडद्याला धोका, संसर्गाची टांगती तलवार. म्हणून डॉक्टर नळी घालण्यापेक्षा ती काढण्याची घाई अधिक करतात. यंत्र हवा देते. फुप्फुस पिकवण्याचे काम त्याला येत नाही. ते काम गर्भाशय करते.

टाका सगळ्यांसाठी आहे का?

नाही, आणि हे सांगितलेच पाहिजे. टाका घालावा की नाही याबद्दल डॉक्टर साशंक असलेल्या १,२९२ स्त्रियांवर एक मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. निष्कर्ष १९९३ मध्ये आले. ३३ आठवड्यांच्या आत प्रसूती होण्याचे प्रमाण टाका न घातलेल्यांत १७ टक्के, घातलेल्यांत १३ टक्के. म्हणजे साधारण २५ टाक्यांमागे एक अकाली जन्म टळला. मात्र ज्यांनी आधी तीन किंवा अधिक वेळा असा प्रसंग भोगला होता, त्यांच्यात हे प्रमाण ३२ टक्क्यांवरून १५ वर आले. शिरोडकरांच्या समोर बसलेल्या स्त्रिया साधारण याच गटातल्या होत्या.

आज सोनोग्राफीने गर्भाशयमुखाची लांबी मोजता येते. आधी अकाली प्रसूती झालेली असेल आणि २४ आठवड्यांच्या आत ही लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर टाका किंवा प्रोजेस्टेरॉनचा विचार होतो. जुळ्यांमध्ये सरसकट टाका उपयोगाचा ठरलेला नाही. पहिलटकरणीला केवळ ‘खबरदारी म्हणून’ टाका सुचवला जात असेल, तर तो नेमका कशासाठी हे विचारणे गैर नाही.

दोन्ही बाजूंचे डॉक्टर

शिरोडकरांच्या कामाची दुसरी बाजू त्यांच्या टाक्याइतकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. गर्भ टिकवण्यासाठी ओळखला जाणारा हा डॉक्टर फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडियाच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होता. मूल हवे असलेल्या स्त्रीला ते मिळावे आणि नको असलेल्या स्त्रीवर लादले जाऊ नये. एका दालनात पिशवीचे तोंड बांधायचे, दुसऱ्यात संततिनियमनाचा सल्ला द्यायचा. त्यांना यात विसंगती वाटली असेल असे त्यांच्या कामावरून तरी दिसत नाही.

१९७१ मध्ये त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले. ७ मार्च १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रेगरी यांचा सीपॅपवरचा निबंध त्याच वर्षी जूनमध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांचे अंतर. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वासासाठी भरवशाची मदत मिळू लागली, ती शिरोडकर गेल्यानंतर.

कडेगावात याचा अर्थ काय?

जगात सर्वाधिक अकाली जन्म भारतात होतात. २०२० मध्ये ही संख्या अंदाजे ३० लाख होती. कडेगाव गुहागर-विजापूर महामार्गावर आहे. रस्ता आहे, १०८ रुग्णवाहिका आहे. पण नवजात बाळाचा व्हेंटिलेटर ही सहसा तालुक्याच्या गावी मिळणारी सोय नव्हे. त्यासाठी कराड गाठायचे, किंवा त्याहून लांब सांगली-मिरज. एक किलोच्या बाळासाठी हा प्रवास मोठा असतो. ते वाटेत गार पडते आणि गार पडलेले बाळ आणखी प्राणवायू मागते. म्हणून शक्य असेल तिथे बाळाला जन्मानंतर नव्हे, तर पोटात असतानाच, म्हणजे आईलाच मोठ्या रुग्णालयात हलवतात. त्याआधी एक इंजेक्शन महत्त्वाचे. २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान कळा सुरू झाल्यास आईला दिलेले स्टिरॉइड बाळाच्या फुप्फुसाला घाईने तयार करते. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये ते दाखवले. केंद्राच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णालयात पाठवण्यापूर्वीचा डेक्सामेथासोनचा पहिला डोस उपकेंद्रातील एएनएमही देऊ शकते.

टाक्याचा निर्णय मात्र या सगळ्याच्या खूप आधी, साधारण १२ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान घ्यावा लागतो. त्यासाठी आधीच्या बाळांबद्दल नीट सांगावे लागते: कितव्या महिन्यात गेले, कळा आल्या होत्या का, आधी पाणी गेले का. अनेकदा ही माहिती सासरच्या माणसांसमोर सांगायला बाई कचरते आणि पहिल्या तपासणीच्या कागदावर ती येतच नाही. आशा कार्यकर्तीला मात्र बहुतेक वेळा ठाऊक असते.

टाका घातला गेला आणि टिकला, तर ३६-३७व्या आठवड्यात तो काढला जातो. आता मांडीतला पडदा लागत नाही. पाच मिलिमीटर रुंदीची पॉलिएस्टरची पट्टी असते. गाठ चिमट्यात धरायची, कात्रीने एका बाजूने कापायची आणि ओढून घ्यायची. तोवर आतल्या बाळाच्या फुप्फुसात सरफॅक्टंट तयार झालेला असतो.